उलटा डोंगर

मुख्य कचेरीतून जे तज्ज्ञ यायचे त्यांना खाणीवर समोर ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत आणि पाठ वळली की ‘सरासरी साहेब’. पहिलं नाव त्यांना पदवीने दिलं होतं, दुसरं त्यांनी स्वतःच्या कष्टाने कमावलं होतं. जगातली कुठलीही वाईट गोष्ट त्यांच्यासमोर ठेवा, ते तिच्यात एखादी चांगली गोष्ट मिसळायचे, दोनाने भागायचे आणि म्हणायचे, "बघा, ठीक आहे की!"

ते येणार म्हटलं की खाणीवर लगीनघाई उडायची. रस्त्यांवर पाणी मारायचं, हेल्मेटं धुवायची, फुटक्या पाट्या झाकायच्या. आणि आदल्या दिवशी तळ्यात चुन्याची पोती रिकामी करायची. खाणीतून उपसलेलं पाणी ज्या तळ्यात सोडत ते एरवी उतू गेलेल्या चहाच्या रंगाचं असायचं. साहेब यायच्या दिवशी मात्र दुधाळ, पावडर थापून पाटावर बसवलेल्या घोडनवरीसारखं. काठावर मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांसमोर पंखा. पाण्याचा नमुना कुठून घ्यायचा याचा शास्त्रीय निकष एकच होता, साहेबांना उन्हात जावं लागू नये.

खाणीची केमिस्ट बाटली धरून त्या मांडवात उभी होती. वय तिशीच्या आतलं, घरी दीड वर्षाची मुलगी, आणि कपाळावर कायमची एक आठी. ती आठी मुलगी झाल्यापासूनची, असं तिचा नवरा म्हणायचा. ती म्हणायची, या खाणीत नोकरी धरल्यापासूनची.

"काय मॅडम, पीएच किती?" साहेबांनी विचारलं.

"साडेसात."

"उत्तम! पिण्याच्या पाण्यासारखं."

"काल चुना टाकलाय, साहेब. परवा साडेचार होता."

मॅनेजरसाहेबांना एकदम ठसका लागला. सरासरी साहेब मात्र गोड हसले. "मग रोज टाका! चांगल्या सवयीला नाही कोण म्हणतंय?"

मांडवात हशा पिकला. जे हसले त्यांतले निम्मे पीएच म्हणजे काय हे सांगू शकले नसते. उरलेल्या निम्म्यांना ते माहीत होतं आणि तरी ते हसले. केमिस्टला पहिल्या निम्म्यांची कीव आली. दुसऱ्यांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

साहेब या वेळी नुसतं पाणी बघायला आले नव्हते. खाणीचा जुना खड्डा संपत आला होता, शेजारी नवा उघडायचा होता. कोळसा काही मातीवर पडलेला नसतो. त्याच्या डोक्यावर माती, वाळूचा दगड, चिकणमाती, काळा पाटीसारखा दगड असे थरावर थर असतात. ते सगळं उकरायचं आणि कुठेतरी नेऊन टाकायचं. या ओझ्याला खाणीत ‘ओबी’ म्हणतात आणि टाकून झालेल्या ढिगाला ‘डंप’. ढीग कसला, डोंगरच. तर नवा डोंगर कुठे रचायचा, हा प्रश्न होता. मॅनेजरने जागा हेरून ठेवली होती. नव्या खड्ड्याला लागून, डंपरची फेरी सगळ्यात छोटी होईल अशी. ती जागा कामगारांच्या कॉलनीच्या वरच्या उतारावर होती, आणि उताराच्या पायथ्याशी कॉलनीची विहीर होती. त्याच विहिरीचं पाणी टाकीत चढायचं, टाकीतून नळाला यायचं, आणि नळातून केमिस्टच्या मुलीच्या टबात, दुधात, वरणात, पोटात.

डोंगर निर्धोक आहे एवढं साहेबांनी म्हटलं की काम सुरू.

दुपारी साहेब प्रयोगशाळेत आले. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. गळका नळ, बाटल्यांची मांडणी, एक कुरकुरणारं ओव्हन, आणि भिंतीशी रचलेल्या कोअरच्या पेट्या. जमिनीत भोक पाडून काढलेले दगडाचे दंडगोल त्या लांब लाकडी पेट्यांत ओळीने निजवलेले होते, वरचा थर पहिल्या पेटीत, कोळशालगतचा शेवटच्या. केमिस्टने प्रत्येक थरावर आम्लाचे थेंब टाकून बघितले होते. वरचे दगड फसफसत होते, म्हणजे त्यांत चुना होता, ते आम्ल गिळणार. पण शेवटच्या पेटीतला काळा दगड ढिम्म. वर त्याच्यात पितळी कण चमचमत होते. दिसायला सोनं, करणीने गंधक. हवा लागली, पाणी लागलं, की त्याचं आम्ल होणार.

"हे सगळे थर एकत्र दळले ना?" साहेबांनी विचारलं.

"वेगवेगळे तपासलेत, साहेब. शेवटचा काळा थर..."

"अहो, वेगवेगळे कशाला? दळा, कालवा, एक पुडी करा, एक आकडा काढा. चुना इतका, गंधक इतकं. चुना जास्त भरला की प्रश्न मिटला."

"पण डोंगरात ते कालवलेलं नसणार."

"डोंगर म्हणजे काय चाळणीने चाळून रचतात? डंपर ओततो, सगळं मिसळतं." त्यांनी काळ्या दगडाचा एक तुकडा उचलला, फुंकर मारली आणि पुन्हा ठेवून दिला, पण वरच्या पेटीत, वाळूच्या दगडांत. चुकीच्या जागी ठेवल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. "सरासरी, मॅडम. निसर्ग सरासरीवर चालतो."

वर कच्चे तांदूळ, खाली करपलेला कोळसा, आणि हा माणूस भांड्यावर झाकण ठेवून म्हणणार भात छान शिजलाय, असं तिच्या मनात आलं. पण तोंडाने ती "बरं" म्हणाली. ‘बरं’ म्हणताना तिला स्वतःचाही राग आला. या खाणीत येऊन तिने सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द तोच असेल.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई नातीला टबात बसवायच्या तयारीत होत्या. केमिस्टने पर्समधून पीएच तपासायची कागदी पट्टी काढली, पाण्यात बुडवली आणि उजेडात धरली. हिरवी, म्हणजे ठीक. मग तिने मान हलवली. हे रोजचं होतं.

"काय गं, ताप आहे का पाण्याला?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा हाही विनोद रोजचा. नातीला त्या ‘ढमी’ म्हणत आणि सुनेच्या पट्ट्यांना ‘थर्मामीटर’. "आमची पोरं डबक्यातलं पिऊन वाढली. एकाला काही झालं नाही."

"एकाला झालं, आई. तुम्हीच सांगता की."

सासूबाई टबातलं पाणी हाताने ढवळत राहिल्या. त्यांचा थोरला मुलगा तान्हेपणीच जुलाबाने गेला होता. केमिस्टला बोलल्याचं वाईट वाटलं, पण फार नाही. लोक आपल्याच मेलेल्या पोरांची आठवण सोयीपुरती ठेवतात, याची तिला चीड होती.

आंघोळ झाली. ढमीला खिडकीत बसवून ती भरवू लागली. पोरगी एक घास खायची, दुसरा गालात धरून ठेवायची. मग नेहमीचं आमिष. समोर जुन्या खड्ड्याचा डोंगर दिसत होता, अनेक वर्षांपूर्वी टाकलेल्या ओबीचा.

"हा घास काऊचा. हा घास डंपरचा, भुर्रर्र. आणि हा घास कुणाचा? डोंगरबाप्पाचा! काळं टोपडं घातलेल्या डोंगरबाप्पाचा..."

चमचा हातातच राहिला.

हे गाणं ती कित्येक महिने म्हणत होती. डोंगर खालून पिवळसर, मधे तांबूस, आणि माथ्यावर काळाकुट्ट. माथ्यावरून ते काळं उतारावरही ओघळलेलं, टोपड्याच्या नाड्या सुटल्यासारखं. पेटीत काळा दगड सगळ्यात खाली होता. डोंगरात तो सगळ्यात वर होता! असणारच. जमिनीत जे खाली असतं ते शेवटी खणलं जातं, आणि जे शेवटी खणलं जातं ते शेवटी ओतलं जातं, सगळ्यांच्या डोक्यावर. डोंगर म्हणजे उलटी केलेली जमीन. चुना खाली गाडलेला, आणि गंधक माथ्यावर, ऊन-पावसात उघडं. कसलं मिसळतंय आणि कसली सरासरी! आणि हे जुना खड्डा उघडल्यापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं. साहेबांच्या गाडीच्या काचेतून दिसत होतं. तिच्याही खिडकीतून दिसत होतं, आणि ती शहाणी त्याची बालगीतं रचत बसली होती.

ढमीने मधेच तोंड उघडून "आ" केलं.

नवरा जेवायला बसला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो खाणीच्या सर्व्हे विभागात होता. स्वभावाने गरीब. गरीब स्वभावाचा तिला पूर्वी अभिमान वाटायचा.

"काळं वर बसतं, हे तुला माहीत होतं?"

"त्यात काय माहीत असायचं? शेवटी निघतं, शेवटी पडतं. पावसात डंपर घसरतात त्याच्यावरून. खालचं तर चाकांनी दाबून दाबून फरशीसारखं झालेलं असतं."

"म्हणजे पाणी आत मुरत नाही?"

"कुठलं मुरतंय. वरच्यावर वाहतं, उतारावरून खाली."

"अरे, मग चुन्याला ते शिवतच नाही! नव्या डोंगरातही काळ्यावर पडणार, काळ्यावरून वाहणार आणि थेट विहिरीत. तू कधी बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" तो शांतपणे म्हणाला. "आणि हे बघ, उद्या साहेबांबरोबरच्या मीटिंगमध्ये तू काही काढू नकोस. आपलं घर या खाणीवर चालतं. आपण बसलोय ती फांदी तोडू नये."

"फांदीवर पोरगी बसलीय."

"तेच म्हणतोय मी."

दोघं एकच वाक्य बोलत होती आणि दोघांच्या वाक्याची तोंडं दोन दिशांना होती. ती उठली आणि खरकटी भांडी इतक्या जोरात घासायला घेतली की ढमी झोपेत दचकली.

दुसऱ्या दिवशी मीटिंगआधी ती एकटीच जुन्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊन आली. तिथे एक चर होती. डोंगरावरून उतरणारं पाणी त्या चरीतून जुन्या खड्ड्यात जायचं. त्या बाजूला रस्ता नव्हता, मांडव नव्हता, त्यामुळे शास्त्रही कधी तिकडे फिरकलं नव्हतं. पाणी नारिंगी होतं. दगडांवर गंजाचे पापुद्रे. आश्चर्य म्हणजे ते अगदी नितळ होतं, तळाचा खडा न् खडा दिसत होता, कारण त्यात जगणारं काहीच नव्हतं. पट्टी बुडवली तर लालभडक, नुसतं आम्ल. व्हिनेगरची बाटली उघडी ठेवावी तसं ते पाणी तिथे वर्षानुवर्षं वाहत होतं. त्या पाण्याने एक बाटली भरून आणि चपला चिखलाने माखवून ती थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली.

केबिनमध्ये मॅनेजर, सरासरी साहेब आणि पंपांचा फोरमन बसले होते. टेबलावर साहेबांचा मसुदा होता. छतावरचा पंखा जोरात होता म्हणून मसुद्यावर वजन ठेवलं होतं, लोखंडाची एक जाळीदार चकती, नाजूक, लेसच्या रुमालासारखी. भेटायला येणारा प्रत्येक माणूस ती हातात घेऊन "वा, काय कलाकुसर!" म्हणायचा, आणि मॅनेजर नुसता हसायचा.

केमिस्टने बाटली ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. पेट्यांतला क्रम, डोंगरातला उलटा क्रम, दाबलेली माती, वरच्यावर वाहणारं पाणी, चर, लाल पट्टी.

"ती चर जुन्या खड्ड्यात जाते ना?" मॅनेजर म्हणाला. "ते पाणी पितंय कोण?"

"ते कुणी पीत नाही. पण नवा डोंगर विहिरीच्या डोक्यावर रचताय. ते कॉलनी पिणार. कॉलनीतली मुलं पिणार."

"एक चर म्हणजे स्थानिक अपवाद," सरासरी साहेब म्हणाले. त्यांनी बाटलीकडे बघितलंही नाही. "चरीचं पाणी आणि तळ्याचं पाणी एकत्र धरलं तर..."

"एकत्र धरून कोण पिणार, साहेब? निम्मी कॉलनी चरीचं आणि निम्मी तळ्याचं?"

फोरमन फसकन हसला आणि लगेच मॅनेजरकडे बघून त्याने मिशी पुसली.

साहेबांचा आवाज मऊ झाला. मऊ आवाजाची तिला धास्ती होती. "घरी लहान मूल आहे ना तुम्हाला? माझ्या मिसेसचंही असंच झालं होतं. मूल झालं की बाईला घोटाघोटात विष दिसतं. स्वाभाविक आहे. पण शास्त्रात भावना आणू नये."

"लेकुरवाळ्या माणसाला थोडं फिल्डपासून लांबच ठेवायला हवं," मॅनेजरने पुस्ती जोडली, जणू हे तिच्या भल्यासाठीच होतं.

तिने तिघांकडे पाहिलं. एकाला हिशेब येत होता आणि दिसत नव्हतं. एकाला दिसत होतं आणि त्याला फक्त आजचे डंपर मोजायचे होते. तिसऱ्याला हसू येत होतं तेही विचारून. या तिघांच्या मिळून एका सहीवर तिच्या मुलीचं दूध उतू जायचं का नासायचं हे ठरणार होतं. आणि ती मूर्खासारखी त्यांना मुलांची गोष्ट सांगत होती. मुलांची! या खोलीत मुलं कधी आलीच नव्हती. या खोलीत काय येतं? तिची नजर टेबलावर गेली.

तिने जाळीदार चकती उचलली. मसुद्याची पानं भर्रकन उडाली. सरासरी साहेब ती गोळा करायला खुर्चीतून उठले. या भेटीत ते पहिल्यांदाच आपणहून उठत होते.

"हे काय आहे, फोरमनकाका?"

"ते होय? पंपाचं इंपेलर. पाणी उचलणारा पंखा. जुन्या खड्ड्यातला."

"असाच जाळीदार येतो?"

"छे! भरीव येतो, हा एवढा जाड. आमच्याकडे आला की वाळवी लागते. किती बदलले. पुरवठादार भेसळीचं ओतकाम देतो हरामखोर."

तिने बाटलीचं झाकण काढलं, पट्टी बुडवली आणि ती लाल पट्टी चकतीच्या भोकांवर आडवी ठेवली. "वाळवी नाही, काका. हे पाणी आहे. चरीतून जुन्या खड्ड्यात, खड्ड्यातून तुमच्या पंपात."

फोरमनचा चेहरा पडला. 

"आणि नवा डोंगर," ती मॅनेजरकडे वळून म्हणाली, तिच्या आवाजात आता मुलगी नव्हती, आई नव्हती, कुणीच नव्हतं, "तुम्ही नव्या खड्ड्याला लागून रचताय. उताराचं निम्मं पाणी विहिरीकडे जाईल. त्याचं तुम्ही सोडा. निम्मं नव्या खड्ड्यात उतरेल. तिथे तुमचे नवे पंप असणार. त्यांचीही अशीच जाळी झाली, पंप बंद पडले, की खड्डा पाण्याने भरणार. भरल्या खड्ड्यातून कोळसा कसा काढायचा, ते साहेबांना विचारा. सरासरीने काढता येत असेल."

मॅनेजर खुर्चीत ताठ बसला. मुलांच्या उल्लेखावर ज्याची पापणीही हलली नव्हती, त्याच्या कपाळावर पंपांच्या उल्लेखाने घाम आला.

"माझ्या नव्या पंपात? हे? डॉक्टरसाहेब, हे तुम्ही बघितलं नाही?"

सरासरी साहेबांनी पानं जुळवली, चष्मा पुसला, आणि जो माणूस कालपासून डोंगर कालवत होता तो अत्यंत शांतपणे म्हणाला, "मी तेच म्हणत होतो. काळा थर वेगळा काढावा. डोंगराच्या पोटात, चुन्याच्या दगडात पुरावा, वरून चिकणमाती. आणि डोंगर पलीकडच्या बाजूला न्यावा. हे माझ्या मसुद्यात येणारच होतं."

"मग येऊ द्या!" मॅनेजर ओरडला. मग त्याने फोरमनला झापलं, की इतकी वर्षं पुरवठादाराला शिव्या दिल्यास, पाणी का नाही बघितलंस. ती चकती स्वतःच्या टेबलावर शोभेला कुणी मांडली होती, हे मात्र तो विसरला. केमिस्टला कुणी काही बोललं नाही. फक्त ती निघताना साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं निरीक्षण चांगलं आहे. थोडं भावनेवर नियंत्रण ठेवा."

"बरं," ती म्हणाली.

घरी नवरा आधीच येऊन बसला होता. खबर त्याच्या आधी पोचली होती. "बघ! मी म्हणत नव्हतो, नीट सांगितलं की ऐकतात ते लोक? माणसं वाईट नाहीत गं."

 फांदी तोडू नकोस म्हणणारा हाच होता, याची त्याला खरंच आठवण नव्हती. सोंग असतं तर तिला परवडलं असतं.

सासूबाईंनी टब भरला होता. ढमी आधीच त्यात बसून पाणी थापटत होती. "काय मग, विहीर वाचली म्हणे?"

"पंप वाचले, आई. विहीर त्यांच्या आडोशाला उभी होती, म्हणून."

सासूबाईंना पंपांचं काही कळलं नाही. त्यांनी नातीच्या पाठीवरून ओला हात फिरवला, आणि सून अजून दारातच उभी आहे हे बघून त्यांनी स्वतःच तिच्या पर्सची चेन उघडली. आतून पट्ट्यांची डबी काढली, एक पट्टी तिच्या हातात दिली आणि थोड्या सरकून बसल्या.

"बघ बाई, ताप बघ," त्या म्हणाल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या.